परमुलखातले विद्यार्थी : धर्म, अवहेलना आणि दारू

शिकायला बाहेरगावी गेलेला मुलगा दारू पिऊ लागला असे कानावर आले की आपल्या घरांतून एकच निष्कर्ष निघतो : त्याचा दीन सुटला. आणि एखादा मुलगा चार वर्षे परगावी राहून तसाच परत आला तर म्हणतात, घरचे वळण चांगले. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण ज्या गावात तो मुलगा गेला त्या गावाने त्याला कसे वागवले, हा प्रश्न त्यांत कुठेच येत नाही. त्याला राहायला खोली मिळाली का? त्याच्या शेजारी जेवायला कोण बसले? त्याच्या नावावरून, दाढीवरून, नमाजावरून त्याची टिंगल झाली का? आणि झाली, तेव्हा तो कोणाकडे गेला?

धर्म, अवहेलना आणि दारू या तीन गोष्टींचे विद्यार्थ्यांच्या आयुष्यातले नाते नवे नाही. हिंदुस्थानातून विलायतेला शिकायला जाणाऱ्या पहिल्या पिढ्यांपासून ते दिसते. म्हणून आजच्या मुलांना उपदेश करण्याआधी या दीडशे वर्षांकडे एकदा पाहून घ्यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मदिनेतला क्रम

सुरुवात मुळापासून करू. दारूची मनाई कुरआनात एका दिवसात आलेली नाही, हे आपण लहानपणी मदरशात शिकतो आणि मोठेपणी विसरतो. सूरह अल-बकरामध्ये दारूत लोकांना काही लाभ असला तरी तिचे पाप त्याहून मोठे आहे, असे सांगितले गेले. मग सूरह अन-निसामध्ये नशेत असताना नमाजाजवळ जाऊ नका, असा हुकूम आला. पाच वेळची नमाज पाळणाऱ्याला पिण्यासाठी दिवसात सवड अशी उरलीच नाही. शेवटी सूरह अल-माइदामध्ये संपूर्ण मनाई झाली. तो हुकूम कानी पडताच मदिनेतल्या लोकांनी घरातली दारू रस्त्यावर ओतून दिली, हे हजरत अनस (रजि.) यांच्या कथनातून हदीसच्या ग्रंथांत नोंदलेले आहे.

पण यातली एक बाब फारशी कोणी सांगत नाही. ही अंतिम मनाई येण्यापूर्वी मदिनेत मस्जिद उभी राहिली होती. मक्केहून छळ सोसून, घरदार सोडून आलेल्या मुहाजिरांना मदिनेच्या अन्सारांशी भाऊ म्हणून जोडून देण्यात आले होते. अपमानित होऊन आलेल्या माणसाला आधी घर मिळाले, भाऊ मिळाला, पंगत मिळाली. त्यानंतर पेला खाली ठेवण्याचा हुकूम आला आणि तो पाळला गेला. आधी जमात, मग कायदा, असा हा क्रम आहे.

इन्सच्या पंगती

आता एकोणिसाव्या शतकातल्या लंडनला येऊ. बॅरिस्टर होण्यासाठी तिथल्या चार इन्सपैकी एकीत नाव घालावे लागे आणि बारा टर्म्स, म्हणजे सुमारे तीन वर्षे भरावी लागत. या टर्म्स भरण्याचा मुख्य भाग म्हणजे जेवणे. प्रत्येक टर्ममध्ये ठरावीक जेवणांना हजर राहिल्याखेरीज टर्म भरली असे धरले जात नसे. आणि त्या जेवणात दारू असे. कायद्याच्या शिक्षणाची वाट अशी शब्दशः दारूच्या टेबलावरून जात होती.

मोहनदास गांधी ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून निघाले ते जातीबाहेर टाकले जाऊनच. समुद्र ओलांडला तर धर्म बुडतो, असे मुंबईतल्या मोढ वाण्यांच्या पंचांनी सांगितले. जो कोणी त्यांना मदत करील किंवा बंदरावर निरोप द्यायला जाईल त्याला सव्वा रुपया दंडही ठरवला. निघण्यापूर्वी बेचरजी स्वामी या जैन साधूने आईसमोर त्यांच्याकडून तीन शपथा घेतल्या होत्या : मांस नाही, दारू नाही, परस्त्री नाही. इनर टेम्पलच्या जेवणात चार-चार जणांचा गट करून प्रत्येक गटाला दारूच्या दोन बाटल्या मिळत. गांधी पीत नसल्यामुळे त्यांच्या गटातल्या तिघांच्या वाट्याला जास्त येई. त्यामुळे चौथा गडी म्हणून त्यांना फार मागणी असे, हे त्यांनी आत्मचरित्रात गमतीने लिहून ठेवले आहे.

गंमत बाजूला ठेवून यातला धडा पाहू. शपथ त्यांना 'नाही' म्हणायला पुरेशी होती, पण तेवढ्यावर तीन वर्षे काढणे कठीण होते. सुरुवातीच्या महिन्यांत ते उपाशी राहिले, एकटे पडले, मित्रांनी त्यांना खुळ्यात काढले. मग फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्यांना शाकाहारी उपाहारगृह सापडले. तिथून ते लंडनच्या व्हेजिटेरियन सोसायटीत गेले, तिच्या कार्यकारी मंडळावर आले आणि डॉ. जोसाया ओल्डफील्ड यांच्यासारखे इंग्रज मित्र त्यांना मिळाले. आईला दिलेल्या वचनाला एक सोबत मिळाली. ज्या गोष्टीमुळे ते वेगळे पडत होते तिच्याच आधारावर त्यांना माणसे मिळाली. जून १८९१ मध्ये ते बॅरिस्टर होऊन निघाले तेव्हा शपथ शाबूत होती.

आपल्या मुंबईतल्या मुस्लिमांपैकी बद्रुद्दीन तय्यबजी त्याआधी कितीतरी वर्षे, १८६० मध्ये, विलायतेला गेले. तेव्हा त्यांचे वय सोळाच्या आसपास होते. पण त्यांच्या आधी थोरले बंधू कमरुद्दीन तिथे जाऊन १८५८ मध्ये सॉलिसिटर झाले होते. वाट घरातल्याच माणसाने पाडलेली होती. १८६७ मध्ये बद्रुद्दीन बॅरिस्टर होऊन परतले आणि १८७४ मध्ये या भावांनी इतरांच्या साथीने मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम उभी केली. शिकायला जाणाऱ्याच्या पाठीशी कोणीतरी असावे लागते, हे त्या पिढीने अनुभवाने जाणले होते.

सय्यद महमूद : एक जखम

या इतिहासातले सर्वांत दुःखद प्रकरण मात्र अलिगढचे आहे, आणि ते आपण कमी सांगतो.

सर सय्यद अहमद खान १८६९ मध्ये विलायतेला गेले ते दोन्ही मुलांना, सय्यद हामिद आणि सय्यद महमूद यांना, घेऊन. महमूद यांना सरकारी शिष्यवृत्ती मिळाली होती. ते लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाले आणि केंब्रिजला शिकले. केंब्रिजसारखे निवासी कॉलेज हिंदुस्थानातल्या मुस्लिमांसाठी असावे, ही सर सय्यद यांची कल्पना कागदावर योजना म्हणून मांडली ती १८७३ मध्ये याच महमूद यांनी. १८७५ मध्ये अलिगढला शाळा सुरू झाली आणि १८७७ मध्ये मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजची कोनशिला बसली.

१८८२ मध्ये महमूद अलाहाबाद हायकोर्टात हंगामी न्यायाधीश झाले आणि १८८७ मध्ये कायम झाले. हिंदुस्थानातल्या हायकोर्टात बसलेले ते पहिले मुस्लिम न्यायाधीश. १८८६ च्या अब्दुल कादिर विरुद्ध सलीमा या खटल्यातला निकाह आणि मेहर यांच्याविषयीचा त्यांचा निकाल आजही मुस्लिम कायद्याच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात येतो. इतर न्यायाधीशांपेक्षा वेगळे मत ते निर्भीडपणे लिहीत आणि विस्ताराने लिहीत.

पण त्या कोर्टात ते एकटे होते. मुख्य न्यायाधीश सर जॉन एज यांच्याशी त्यांचे खटके उडत गेले. निकाल उशिरा देतात आणि दारू पितात अशी महमूद यांच्याविरुद्ध तक्रार होती. गोऱ्या सहकाऱ्यांकडून आपल्याला बरोबरीची वागणूक मिळत नाही, असे महमूद यांचे म्हणणे होते. १८९३ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. त्यानंतर व्यसन वाढत गेले. ज्या मुलावर सर सय्यद यांनी सगळी आशा ठेवली होती त्याचे घर त्यांना अखेरच्या दिवसांत सोडावे लागले. २७ मार्च १८९८ रोजी ते वारले ते एका स्नेह्याच्या घरी. महमूद १९०३ मध्ये गेले.

दोन्ही तक्रारी खऱ्या असू शकतात, हे इथे लक्षात घेतले पाहिजे. माणूस पीत होता आणि माणसाला कमी लेखलेही जात होते. इंग्रजांनी फक्त पहिली गोष्ट पाहिली. आपण महमूद यांच्याबद्दल बोलायचेच टाळले, कारण थोर बापाच्या मुलाचे हे प्रकरण लाजिरवाणे वाटले. इंग्रजी शिकलेला, इंग्रजी कायद्यात इंग्रजांच्याही पुढे गेलेला हा माणूस गोऱ्यांच्या पंगतीत पुरता घेतला गेला नाही आणि आपल्या पंगतीत त्याला आपले दुःख बोलता आले नाही. मधल्या जागेत बाटली होती.

त्यांचा मुलगा रॉस मसूद याला लहानपणी अलिगढचे प्रिन्सिपॉल थिओडोर मॉरिसन यांच्या कुटुंबाने सांभाळले. पुढे तो ऑक्सफर्डला शिकला आणि १९२९ मध्ये अलिगढ मुस्लिम विद्यापीठाचा कुलगुरू झाला. म्हणजे सांभाळणारे कोणी मिळाले की तुटलेले घरही पुन्हा उभे राहते.

मस्जिद, वसतिगृह आणि पाळत

विलायतेत शिकणाऱ्या मुलांना सोबत देण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. डॉ. लाइटनर यांनी वोकिंग येथे ओरिएंटल इन्स्टिट्यूट काढली. हिंदुस्थानातून येणाऱ्या मुलांना आपापल्या धर्माचे खाणेपिणे पाळता यावे हाही तिचा एक उद्देश होता. तिच्या आवारात भोपाळच्या बेगम शाहजहान यांच्या मदतीने १८८९ मध्ये मस्जिद उभी राहिली. त्याच वर्षी लिव्हरपूलमध्ये अब्दुल्लाह क्विलियम या इंग्रज वकिलाने मुस्लिम इन्स्टिट्यूटसाठी ब्रूअम टेरेसमधली जागा घेतली. क्विलियम दारूबंदीच्या चळवळीत वाढलेले. १८८७ मध्ये मुस्लिम झाल्यावर इस्लामवरचे पहिले व्याख्यान त्यांनी दिले ते दारूबंदीवाल्यांच्याच सभागृहात. दारूने गांजलेल्या बंदरातल्या कामकऱ्यांना हा धर्म त्यांनी दारू सोडवणारा धर्म म्हणून समजावला. तरीही अजान द्यायला उभ्या राहणाऱ्यावर जमावाने घाण आणि दगड फेकले. दारू न पिणे चांगले, हे शेजाऱ्यांना मान्य होते. न पिणारा मुस्लिम असणे मान्य नव्हते.

विसाव्या शतकात विद्यार्थ्यांची संख्या वाढली तशी घरमालकिणींची दारेही बंद होऊ लागली. श्यामजी कृष्णवर्मा यांनी १९०५ मध्ये हायगेटला इंडिया हाउस काढले, त्यामागे हिंदी मुलांना राहायला जागा मिळत नाही हेही एक कारण होते. पुढे ते क्रांतिकारकांचे केंद्र झाले. सरकारने ली-वॉर्नर समिती १९०७ मध्ये नेमली, तिचा अहवाल गुप्त ठेवला. १९०९ मध्ये कर्झन वायलीचा वध झाल्यावर विद्यार्थ्यांवर नजर वाढली. १९१० मध्ये क्रॉमवेल रोडवर २१ नंबरच्या घरात विद्यार्थ्यांसाठी सरकारी सोय झाली, पण ही सोय आहे की पाळत, असा संशय मुलांना कायम राहिला. १९२१-२२ च्या लिटन समितीलाही या संशयाची दखल घ्यावी लागली. एडिंबरोमध्ये १९२७ साली काही उपाहारगृहांनी आणि नाचघरांनी काळ्यासावळ्या विद्यार्थ्यांना प्रवेश बंद केला तेव्हा प्रकरण पार्लमेंटपर्यंत गेले.

म्हणजे गोऱ्यांच्या पंगतीला बसायचे तर पेला हाती घ्यावा लागे, आणि पेला हाती घेतला तरी बसू देतीलच याची खात्री नव्हती.

अमेरिकेतले कॉलेज

दुसऱ्या महायुद्धानंतर ओघ अमेरिकेकडे वळला. १ जानेवारी १९६३ रोजी इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शँपेन आवारात मुस्लिम स्टुडंट्स असोसिएशनची स्थापना झाली. अरब देश, हिंदुस्थान, पाकिस्तान, तुर्कस्तान इथून आलेली ही मुले. जुम्म्याची नमाज, रमजानचा इफ्तार, ईद, हलाल मांस कुठे मिळेल याची माहिती, एवढ्यापासून काम सुरू झाले आणि पुढे शेकडो कॉलेजांत शाखा झाल्या.

या मुलांच्या भोवती अमेरिकन कॉलेजचे पिण्याचे जग होते. १९८४ च्या कायद्याने पिण्याचे वय २१ वर नेले, तरी हार्वर्डच्या पाहणीत १९९३ पासून २००१ पर्यंत दर खेपेस सुमारे ४४ टक्के विद्यार्थी एका बैठकीत बेसुमार पिणारे आढळले. २००१ च्या पाहणीतले मुस्लिम विद्यार्थी वेगळे काढून वहीबा अबू-रस, समीरा अहमद आणि सिंथिया आर्फकन यांनी २०१० मध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्या १३५ मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांनी गेल्या वर्षभरात दारू घेतल्याचे सांगितले होते. इतर विद्यार्थ्यांत हे प्रमाण पाचात चार असे होते. म्हणजे धर्माने अडवले, हे खरे. निम्म्यांना अडवले नाही, हेही खरे. आणि ही निम्मी मुले आपल्या समाजाच्या बोलण्यात कुठेच नव्हती, कारण मुस्लिम पीत नाही असे एकदा ठरले की पिणाऱ्या मुस्लिमाला मदत मागायला जागाच उरत नाही.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले. अमेरिकेच्या एफबीआयकडे मुस्लिमविरोधी गुन्ह्यांच्या २००० मध्ये २८ घटना नोंदल्या होत्या, २००१ मध्ये ४८१ नोंदल्या गेल्या. शबाना मीर यांनी त्यानंतरच्या काळात वॉशिंग्टनच्या दोन विद्यापीठांतल्या मुस्लिम मुलींशी बोलून केलेला अभ्यास २०१४ मध्ये ग्रंथरूपाने आला. त्यातले दारूविषयीचे प्रकरण वाचण्यासारखे आहे. न पिणाऱ्या मुलीला मागासलेली, दबलेली समजले जाते. ओळखी होतात, मैत्री जमते ती पार्ट्यांतून, त्यामुळे पार्टीला न जाणारी एकटी पडते. पार्टीला गेलेली मुलगी आपल्याच समाजात बदनाम होते. स्वतः न पिता नुसते हजर राहणे, आपण कडव्या नाही हे हसतखेळत पटवून देणे, असली कसरत या मुलींना रोज करावी लागत होती.

भेदभाव सोसणाऱ्या अल्पसंख्य तरुणांत दुःख गिळण्यासाठी पिण्याची ओढ वाढते, हे अमेरिकेतल्या काळ्या, लॅटिनो आणि आशियाई लोकांवरच्या अनेक अभ्यासांनी दाखवले आहे. धर्म तिथे ढाल होऊ शकतो. पण मुस्लिम मुलाची अडचण अशी की त्याची ढालच त्याची खूणही असते. काळ्या मुलाला रंगामुळे झिडकारले तर तो चर्चमध्ये जाऊन सावरू शकतो. ज्याला नमाजामुळे झिडकारले त्याला नमाजाच्या खोलीकडे जाताना चार डोळे आपल्याकडे पाहत आहेत असे वाटते. ते खोटेही नव्हते. न्यूयॉर्कचे पोलीस मुस्लिम विद्यार्थी संघटनांवर पाळत ठेवतात, हे असोसिएटेड प्रेसने २०११ पासून उघडकीस आणले. २००८ मध्ये सिटी कॉलेजची मुले नदीवर सहलीला गेली तेव्हा त्यांच्यात एक गुप्त पोलीस होता आणि ती दिवसातून किती वेळा नमाज पढतात याची त्याने नोंद केली होती. ते पाळत पथक २०१४ मध्ये बंद झाले. क्रॉमवेल रोडच्या घरापासून सिटी कॉलेजच्या नावेपर्यंत शंभर वर्षे गेली, पण संशय तोच होता. जिथे मुलाला सावरायला सोबती मिळतात त्याच जागेवर पहारा बसला तर तो जाणार कुठे?

आपल्याकडे

हे सगळे दूरचे वाटेल. पण कोकणातून, मराठवाड्यातून, खानदेशातून पुण्या-मुंबईला शिकायला येणाऱ्या आपल्या मुलांसाठी ते शहरही परमुलूखच असते. मुस्लिमांना भाड्याने घर मिळताना अडचण येते, याची नोंद २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात आहे. नाव सांगितले की खोली आताच गेली असे उत्तर मिळते, आणि ते ऐकणारा मुलगा अठरा वर्षांचा असतो. त्याच संध्याकाळी वर्गातले चार मित्र त्याला बसायला बोलावतात. त्या दिवशी त्याला कोणीतरी आपल्यात बोलावलेले असते, हे आपण समजून घेतले पाहिजे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने कडक दारूसाठी पंचविशीची अट आहे. पण कायद्याने टेबल रिकामे झालेले नाही.

या इतिहासातून मला तीन गोष्टी दिसतात. पहिली, मनाई लागतेच. गांधींची शपथ नसती तर त्यांना टेकायला जागाच नव्हती. हराम ते हराम, यात सैल होण्याचे कारण नाही. दुसरी, नुसत्या मनाईवर मूल टिकत नाही, त्याला पंगत लागते. तय्यबजींनी अंजुमन काढली, सर सय्यद यांनी कॉलेजला वसतिगृह आणि मस्जिद जोडली, इलिनॉयच्या मुलांनी इफ्तार सुरू केला, ते यासाठीच. आपल्या शहरांतल्या किती मस्जिदींना ठाऊक असते की मोहल्ल्यात बाहेरगावचे किती विद्यार्थी राहतात, आणि त्यांपैकी किती जण रमजानात खोलीवर एकटेच रोजा सोडतात?

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. बाहेरच्यांनी केलेला भेदभाव आपल्याला दिसतो. पण घसरलेल्या मुलाला आपण जे वागवतो तोही एक भेदभावच आहे. तो बाहेर मुस्लिम म्हणून नकोसा असतो आणि आत दारुडा म्हणून नकोसा होतो. सय्यद महमूद यांचे हेच झाले.

सहीह बुखारीत एका सहाबींची हकीकत आहे. ते पैगंबरांना (स.) हसवत असत. दारू प्यायल्याबद्दल त्यांना एकापेक्षा अधिक वेळा शिक्षा झाली. एकदा शिक्षेच्या वेळी कोणीतरी त्यांना शिव्याशाप दिला. पैगंबरांनी (स.) शिक्षा थांबवली नाही, पण शाप देणाऱ्याला रोखले. या माणसाचे अल्लाहवर आणि त्याच्या रसूलवर प्रेम आहे, असे त्यांनी त्याच्याविषयी सांगितले. मनाई जिथे पूर्ण झाली होती, शिक्षा जिथे ठरलेली होती, त्याच गावात पिणाऱ्यालाही जमातीत जागा होती. शिक्षा भोगून तो घरी जात असे आणि पुन्हा त्याच मजलिसीत येऊन बसत असे. आपल्या घसरलेल्या मुलांना परत येऊन बसायला अशी जागा आपण ठेवली आहे का, याचे उत्तर प्रत्येक गावाने, प्रत्येक घराने आपल्यापुरते द्यायचे आहे.